टेगू पाळायचा म्हणजे…

सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात, असं आपण शाळेत शिकलो. अंगातली ऊब ते स्वतः तयार करत नाहीत, ती उन्हातून, तापलेल्या दगडातून, कोमट मातीतून उचलतात. दक्षिण अमेरिकेतला टेगू हा मोठा सरडा या नियमाला थोडी मुरड घालतो. ब्राझील आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात त्याच्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. विणीच्या हंगामात, म्हणजे तिकडच्या वसंतात, पहाटे ऊन नसताना बिळात बसलेल्या टेगूंचं अंग बिळातल्या हवेपेक्षा १० अंश सेल्सिअसपर्यंत अधिक गरम असल्याचं त्यांना आढळलं. त्या वेळी त्यांचा श्वास आणि हृदयाचे ठोकेही वाढलेले होते. वर्षाचा बाकीचा काळ मात्र हाच प्राणी पूर्णपणे उन्हावर अवलंबून असतो, आणि हिवाळ्याचे काही महिने तर जमिनीखाली जवळजवळ निश्चल पडून राहतो.

टेगूचं सगळं आयुष्य असं तापमानाच्या आणि ऋतूच्या तालावर चालतं. अमेरिकेत आणि युरोपात हजारो लोक हा प्राणी घरात पाळतात. कुत्र्यासारखा माणसाळणारा सरडा म्हणून त्याची ख्याती आहे आणि त्याचे व्हिडिओ आता आपल्याकडच्या मुलांच्या मोबाइलवरही पोचले आहेत. पण टेगू नीट जगवायचा तर प्रेमाच्या आधी त्याच्या ऊन, माती आणि ऋतूची सोय करावी लागते. ती कशी करायची, आणि कोणी करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

कोण आहे हा टेगू?

टेगूच्या अनेक जाती आहेत. पाळणाऱ्यांमध्ये सर्वांत लोकप्रिय आहे तो अर्जेंटिनाचा काळा-पांढरा टेगू. त्याचं शास्त्रीय नाव साल्वाटोर मेरिआनी. १६९९ साली आपल्या मुलीला घेऊन सुरिनामच्या जंगलात किडे आणि फुलपाखरं अभ्यासायला गेलेल्या मारिया सिबिला मेरियान या चित्रकार निसर्ग-अभ्यासक बाईंच्या सन्मानार्थ हे नाव ठेवलं गेलं. ही जात ब्राझील, उरुग्वे, पॅराग्वे आणि अर्जेंटिना या देशांत गवताळ प्रदेशात, जंगलाच्या कडेला आणि शेतांच्या आसपास राहते. लाल टेगू अर्जेंटिना-पॅराग्वेकडच्या कोरड्या भागातला, तर सोनेरी टेगू उत्तरेकडच्या दमट जंगलांतला. सोनेरी टेगू तुलनेने लहान आणि तापट. नवख्याने त्याच्या वाटेला न जाणंच बरं.

काळ्या-पांढऱ्या टेगूचा पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट चार ते साडेचार फूट भरतो आणि त्याचं वजन पाच किलोच्या पुढे सहज जातं. मादी साधारण तीन-साडेतीन फुटांची. वयात आलेल्या नराचे गाल जबड्याच्या स्नायूंमुळे फुगीर दिसतात. पिल्लू अंड्यातून येतं तेव्हा जेमतेम वीतभर असतं आणि त्याचं डोकं चमकदार हिरवं असतं. काही महिन्यांत तो रंग उडतो. दुकानातलं हे हिरव्या डोक्याचं गोजिरवाणं पिल्लू दोन-तीन वर्षांत पूर्ण वाढतं आणि पुढे पंधरा ते वीस वर्षांचं आयुष्य जगतं, ही गोष्ट घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवायला हवी.

आपल्याकडच्या माणसाला टेगू पाहून घोरपड आठवते. दोघांची दुभंगलेली जीभ, मजबूत नखं, बिळं उकरायची सवय आणि काहीही खाण्याची तयारी सारखीच. पण त्यांची कुळं वेगळी. दक्षिण अमेरिकेत घोरपडी नाहीत. आपल्याकडे घोरपड निसर्गात जी जागा सांभाळते, तशीच जागा तिथे टेगूने व्यापली आणि सारख्या जगण्यातून दोघांची अंगलट सारखी होत गेली. उत्क्रांतीचे अभ्यासक याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

पेटीतलं ऊन

टेगूच्या घराचं किमान माप पाळणाऱ्यांमध्ये आता ठरल्यासारखं आहे: आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. म्हणजे डबल बेडपेक्षाही लांब आणि वर छप्पर असलेली लाकडी किंवा पीव्हीसीची पेटी. मोठ्या नराला तीही अपुरी पडते. मध्यम आकाराच्या फ्लॅटमधली अर्धी खोली त्यात जाते.

या पेटीत एकसारखं तापमान ठेवून भागत नाही. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली हवी. उन्हाच्या जागी, जिथे टेगू अंग पसरून बसतो त्या दगडाचं किंवा फळीचं पृष्ठतापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअस असावं. त्या बाजूची हवा तिशीच्या आसपास, आणि थंड टोक २४ ते २७ अंशांवर. रात्री दिवे बंद झाल्यावर थोडा गारवा चालतो. आकडा ऐकून दगड चटके देईल असं वाटतं, पण टेगू तिथे दिवसभर बसत नाही. अंग ३५ अंशांच्या आसपास तापलं की तो उठतो, फिरतो, खातो, सावलीत जातो आणि गार झाला की परत येतो. ही ये-जा म्हणजेच त्याचं तापमान-नियंत्रण. म्हणून दोन्ही टोकं हवीत. नुसत्या गरम पेटीत त्याच्या अंगातलं पाणी आटतं. नुसत्या कोमट पेटीत पोटातलं अन्न पचत नाही आणि प्रतिकारशक्ती मंदावते. तापमान हाताने चाचपून ठरवू नये. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर आणि हवेसाठी दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल थर्मामीटर लावावेत. गरम होणारे विजेचे दगड बाजारात मिळतात, ते टाळावेत. टेगू त्यावर पोट टेकून बसून राहतो आणि भाजतो. ऊब वरून आली पाहिजे, जशी सूर्याची येते.

सूर्य ऊब देतो, तसे अतिनील किरणही देतो. त्यांतल्या यूव्हीबी किरणांनी टेगूच्या कातडीत ड जीवनसत्त्वाची पहिली पायरी तयार होते, अंगाच्या उबेने ती पुढे सरकते आणि यकृत व मूत्रपिंड तिला कामाचं रूप देतात. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. म्हणून पेटीच्या अर्ध्याअधिक लांबीची यूव्हीबी नळी लागते, आणि ती उन्हाच्या जागेवरच असावी लागते. खिडकीतल्या उन्हाने हे काम होत नाही, कारण साधी काच हे किरण जवळजवळ अडवून टाकते. नळी उजेड देत राहिली तरी तिचे यूव्हीबी किरण काही महिन्यांत कमी होत जातात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा वर्षाच्या आत, ती बदलावी लागते. दिवसाचे बारा तास दिवा आणि रात्री अंधार हा क्रम टायमरवर लावून ठेवला की चुकत नाही.

माती आणि ओल

टेगू हा बिळातला प्राणी. जंगलात तो रात्र, थंडी आणि धोका या तिन्ही वेळी जमिनीखाली जातो. त्यामुळे पेटीत किमान फूटभर, जमल्यास दीड फूट खोल माती हवी. खत-औषध न मारलेली माती आणि वाळू यांचं मिश्रण किंवा सायप्रसच्या सालींचा भुसा यासाठी वापरतात. देवदार आणि पाइनच्या सुगंधी भुशातली तेलं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या फुप्फुसांना त्रास देतात, तो भुसा टाळावा. माती अशी हवी की टेगूने उकरलेलं बीळ ढासळणार नाही.

काळ्या-पांढऱ्या टेगूला हवेतली आर्द्रता ७० ते ८० टक्के लागते. दिव्यांच्या उष्णतेने पेटी सतत कोरडी पडत असते. नुसत्या फवाऱ्याने ओल टिकत नाही. मातीत पाणी ओतून खालचा थर दमट आणि वरचा कोरडा ठेवला, तर बिळात ओलावा राहतो आणि पोटाखालची कातडी सडत नाही. ओल कमी पडली की कात नीट सुटत नाही. बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला कातीची वळी अडकून बसतात, रक्तपुरवठा थांबतो आणि ते टोक काळं पडून गळतं. कात टाकण्याच्या दिवसांत कोमट पाण्यात भिजवणं आणि बोट न बोट तपासणं हा साधा उपाय आहे. टेगू सगळा मावेल एवढा पाण्याचा टब पेटीत असावा, आणि तो त्यातच घाण करत असल्याने पाणी रोज बदलावं.

ताटात काय?

जंगलातला टेगू किडे, गोगलगायी, अंडी, लहान प्राणी, मेलेले प्राणी आणि भरपूर फळं खातो. ब्राझीलमधल्या अभ्यासात तो फळांच्या बिया दूर नेऊन टाकतो, म्हणजे जंगल रुजवायलाही हातभार लावतो, असं दिसलं आहे. पाळलेल्या टेगूचं ताट याच विविधतेजवळ जायला हवं.

पिल्लाला रोज खायला लागतं आणि त्यात किड्यांचा वाटा सर्वांत मोठा: रातकिडे, खास वाढवलेली झुरळं, गांडुळं, गोगलगायी. वय वाढेल तसं एक दिवसाआड आणि पूर्ण वाढ झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा जेवण पुरतं. मोठ्या टेगूला अख्खे उंदीर, कोंबडीची पिल्लं, मासे, अंडी, थोडं यकृत आणि सोबत पपई, केळं, अंजीर, बेरीसारखी फळं, भोपळा, पालेभाज्या देतात. उंदीर जिवंत देऊ नये. तो टेगूला चावतो, आणि उंदराचेही विनाकारण हाल होतात. गोठवलेला उंदीर वितळवून देणं हीच प्रचलित पद्धत आहे.

‘अख्खा’ या शब्दाला इथे महत्त्व आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. हाडं आणि आतडी-काळजासकट प्राणी खाल्ला तर तोल साधतो. खिमा किंवा किडे द्यायचे तर त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. काही पदार्थ मधूनच द्यावेत. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात बायोटिन बांधून ठेवणारं प्रथिन असतं. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा थायामिनेज नावाचा विकर असतो. दोन्ही कधीतरी चालतात, रोजच्या ताटात नकोत. कुत्र्या-मांजरांचं तयार खाणं हे टेगूचं अन्न नव्हे. आणि अॅव्होकॅडो, कांदा, लसूण कधीच देऊ नये.

पाळलेल्या टेगूंना उपासमारीपेक्षा लठ्ठपणाचा धोका जास्त. तो अन्न दिसलं की खातो, आणि माणसाला खाऊ घालण्यात आनंद मिळतो. शेपटीच्या मुळाशी आणि गळ्याखाली चरबीच्या गाद्या चढल्या की यकृतावर ताण येतो. दर महिन्याला वजन करून नोंद ठेवणं ही सर्वांत स्वस्त वैद्यकीय तपासणी आहे.

विश्वास कमवावा लागतो

टेगूला माणसाळवणं शक्य आहे, आणि हेच त्याचं मोठं आकर्षण. जुने टेगू मालकाच्या मांडीवर येऊन बसतात, हाक ओळखतात असं वाटावं इतके सरावतात, घरभर फिरून परत आपल्या पेटीत जातात. पण हे आपोआप होत नाही. पिल्लाच्या दृष्टीने वरून येणारा हात म्हणजे शिकारी पक्षी. म्हणून पहिले काही आठवडे त्याला पकडायचंच नसतं. वापरलेला शर्ट पेटीत ठेवावा, म्हणजे वासाची ओळख होते. टेगू जीभ बाहेर काढून हवेतले वासाचे कण टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे नेतो. त्याच्या जगात माणूस आधी वास असतो, मग चेहरा. पुढे शेजारी शांत बसावं, त्याला जवळ येऊ द्यावं, मग बाजूने हात लावावा, आणि शेवटी पोटाखालून चारही पाय आधारावर येतील असं उचलावं.

त्याचे इशारे स्पष्ट असतात. जोरात फुत्कारणं, अंग चपटं करणं, शेपूट थरथरवणं किंवा फटकारणं, तोंड उघडून थांबणं: यांतलं काही दिसलं की मागे सरायचं. दुर्लक्ष केलं तर चावा बसतो, आणि मोठ्या नराच्या जबड्यात बोटाचं हाड मोडण्याएवढी ताकद असते. बरेच चावे रागाने बसत नाहीत, भुकेच्या घाईत बसतात. अन्न नेहमी लांब चिमट्याने द्यावं, उंदीर किंवा मासा हाताळून लगेच त्याला उचलायला जाऊ नये. लहान पिल्लाचं शेपूट धरू नये. पालीसारखंच ते तुटतं, पुन्हा उगवलं तरी पहिल्यासारखं होत नाही. विणीच्या हंगामात शांत नरसुद्धा काही आठवडे बिथरतो. त्या काळात अंतर राखावं. आणि दोन नर एका पेटीत कधीही ठेवू नयेत.

घरात लहान मुलं किंवा आजारी, वृद्ध माणसं असतील तर आणखी एक दक्षता. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुणं आणि त्याचा टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न धुणं हे नियम कडक पाळायचे.

झोपेचे महिने

दक्षिण गोलार्धात एप्रिल-मेच्या सुमारास थंडी सुरू झाली की टेगू बिळात शिरतो, पालापाचोळ्याने तोंड बुजवतो आणि काही महिने तिथेच राहतो. उत्तर गोलार्धात वाढलेले पाळीव टेगू साधारण ऑक्टोबरपासून मंदावतात. दिवे आणि ऊब पूर्ववत असली तरी काही टेगू खाणं कमी करतात, उशिरा उठतात, दिवसचे दिवस दिसत नाहीत. नवा मालक घाबरतो. खरं तर ही तब्येतीची खूण आहे, पण त्या आधी टेगू धष्टपुष्ट असला पाहिजे आणि त्याची विष्ठा तपासून जंत काढलेले असले पाहिजेत.

थंड करण्यापूर्वी पोट रिकामं हवं. पोटात अन्न असताना ऊब गेली तर ते पचण्याऐवजी सडतं. खाणं थांबल्यावर निदान आठवडा-दोन आठवडे उन्हाची जागा चालू ठेवून मग हळूहळू तापमान उतरवतात. पाणी मात्र कायम हवं. झोपेत वजन थोडंसंच घटतं. झपाट्याने घटलं, नाका-तोंडातून स्राव आला किंवा डोळे खोल गेले तर तो झोपलेला नाही, आजारी आहे. अशा वेळी त्याला उबेत आणून डॉक्टरांकडे न्यावं. आजारी किंवा हडकुळ्या टेगूला झोपू देऊ नये.

दुखणी

टेगूच्या बहुतेक आजारांचं मूळ जंतूंपेक्षा घराच्या मांडणीत असतं. सर्वांत ठळक उदाहरण हाडांचं. कॅल्शियम किंवा यूव्हीबी कमी पडलं की रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. मुलांमधल्या मुडदुसासारखंच हे दुखणं: जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, कण्याला बाक येतो. लवकर लक्षात आलं तर थांबवता येतं. वाकलेलं हाड मात्र सरळ होत नाही. पाणी कमी आणि प्रथिनं फार झाली की युरिक आम्लाचे खडे सांध्यांत व मूत्रपिंडांत साचतात. मादीला नर नसला तरी तिच्या पोटात अंडी धरू शकतात. घालायला योग्य जागा नसेल तर ती अडकतात, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. खोल, दमट मातीचं बीळ तिच्यासाठी चैन नाही, गरज आहे. म्हणूनच टेगू घेण्याआधी, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आपल्या शहरात आहे का, हे शोधायला हवं.

हौस बाहेर पडते तेव्हा

पाळणाऱ्याने हात टेकले आणि टेगू मोकळा सोडला तर काय होतं, याचं उत्तर फ्लोरिडाने दिलं आहे. पळालेल्या आणि सोडून दिलेल्या टेगूंपासून तिथे मायामी-डेड, हिल्सबरो आणि शार्लट या काउंटींत रानटी वस्त्या तयार झाल्या. टेगू अंडीखाऊ. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कासवं आणि मगरींचे नातलग असलेले अॅलिगेटर यांच्या घरट्यांवर तो ताव मारतो. मादी एका वेळी वीस-तीस किंवा अधिक अंडी घालते आणि घरट्याजवळ राहून राखण करते, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. बिळात थंडी काढण्याची सवय असल्याने अमेरिकेच्या दक्षिणेतली राज्यं त्याला मानवतात. जॉर्जियातही वस्ती सापडली. अखेर २०२१ मध्ये फ्लोरिडाने टेगूला प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीत टाकलं. ज्यांच्याकडे आधीपासून पाळलेला होता त्यांना मायक्रोचिप लावून परवाना घेण्याची मुभा दिली. नको झालेला विदेशी प्राणी शिक्षेशिवाय सरकारकडे देता यावा, अशी सोयही तिथे आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं टेगूचा हट्ट धरत असतील, तर आधी आपल्या राज्याचा नियम पाहावा.

ब्राझीलच्या फर्नांडो दि नोरोन्या बेटावरचा धडाही असाच. उंदीर मारायला तिथे टेगू आणले गेले. उंदीर रात्री फिरतात, टेगू दिवसा. उंदीर राहिले, आणि बेटावरच्या पक्ष्यांच्या व कासवांच्या अंड्यांवर नवं संकट आलं.

भारतात काय नियम आहे?

टेगू ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. एके काळी काउबॉय बुटांसाठी अर्जेंटिनातून वर्षाला दहा लाखांहून अधिक टेगूंची कातडी बाहेर जात होती. त्याच्या व्यापारावर नजर ठेवण्याची गरज तिथूनच स्पष्ट होते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइटीसमधले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची असते. त्याचं हस्तांतर, पिल्लांचा जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. परदेशातून आणण्यासाठी वेगळे परवाने लागतात. कागदपत्रांविना मिळणारा टेगू बहुधा तस्करीतून आलेला असतो, आणि अशा प्रवासात डब्यात कोंबलेले कित्येक प्राणी मरतात. तो विकत घेणं म्हणजे पुढच्या खेपेची मागणी नोंदवणं.

आणि टेगूच्या ऐवजी आपली घोरपडच पाळू, असं कोणाच्या मनात आलं तर तो सरळ गुन्हा आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, पाळणं, मारणं, विकणं सगळं बेकायदा.

निर्णय घेण्याआधी

टेगू घ्यावा की नाही, याचं उत्तर काही साध्या प्रश्नांत आहे. आठ फुटांची पेटी पुढची पंधरा-वीस वर्षं कुठे राहील? बारा तास चालणाऱ्या दिव्यांचं बिल आणि वीज गेल्यावरची सोय कोण बघेल? नोकरी बदलली, लग्न झालं, परदेशी जावं लागलं तर त्याला कोण सांभाळेल? फ्रीझरमधले उंदीर घरच्यांना चालतील? डॉक्टर कुठे आहेत आणि कागदपत्रं स्वच्छ आहेत का?

यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर डळमळीत असेल तर टेगू घेऊ नये, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्राणिसंग्रहालयात त्याला बघता येतं, त्याच्याविषयी वाचता येतं, आणि आपल्या माळावरच्या घोरपडीला दुरून पाहण्यातही तितकंच शिकायला मिळतं. ज्याची उत्तरं पक्की आहेत त्याने आधी पेटी उभारावी, तापमान आणि ओल महिनाभर मोजावी, आकडे स्थिर झाले की मगच टेगू घरी आणावा. हा क्रम उलटा झाला, तर चुकांची किंमत टेगूला मोजावी लागते.